वीज जपून घर गार कसं ठेवायचं: आधी छत आणि खिडक्या, मग पंखा, एसी सर्वात शेवटी

उन्हाळा लागला की बहुतेक घरांत पहिली चर्चा यंत्राची होते. कूलर घ्यायचा की एसी, किती टनाचा, इन्व्हर्टरवाला की साधा. माझ्या मते हा प्रश्न सर्वात शेवटी यायला हवा. घरात उष्णता कुठून शिरते, शिरलेली उष्णता कधी बाहेर काढता येते आणि माणसाच्या अंगाला गारवा कशाने मिळतो, हे तीन प्रश्न आधी सोडवले की यंत्रावरचा भार बराच हलका होतो. काही घरांत तर यंत्र घ्यायची वेळच येत नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे, आणि शक्यतो तो मोडू नका. सगळीकडून उष्णता आत शिरणाऱ्या घरात मोठा एसी बसवला तरी तो दिवसभर बाहेरची उष्णताच उपसत बसतो आणि बिल मात्र आपल्याला भरावं लागतं.

घर नेमकं कुठे तापतं ते आधी शोधा

दोन साधे थर्मामीटर घ्या. एक घरात अशा जागी टांगा जिथे ऊन आणि पंख्याचा थेट झोत पोचत नाही. दुसरा बाहेर, दिवसभर सावली राहील अशा ठिकाणी. दोन-तीन दिवस सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना दोन्ही आकडे वहीत टिपा. पुढे खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या, हे याच आकड्यांवरून ठरणार आहे.

दुसरी तपासणी तळहाताने करायची. ऊन उतरून दोन तास झाले की प्रत्येक खोलीच्या भिंतींवर तळहात टेकवा. हात पोचत असेल तर छतालाही लावून पाहा. एखादी भिंत नुसती कोमट लागेल, तर एखादीवर हात ठेवताच धग जाणवेल. ती बहुधा पश्चिमेची असते. पलंगाची डोक्याकडची बाजू तिला टेकलेली असेल तर तुम्ही रात्रभर तापलेल्या भिंतीशेजारी झोपता आहात. पलंग समोरच्या भिंतीकडे सरकवला, निदान या भिंतीपासून हातभर दूर घेतला, तरी झोपेत फरक पडतो. त्याला खर्च काहीच नाही.

या तपासणीला मी इतकं महत्त्व देतो त्याचं कारण असं की शरीराला फक्त हवेचं तापमान जाणवत नाही. भोवतालच्या भिंती आणि छत यांच्यातून येणारी धगही अंगावर पडत असते. त्यामुळे थर्मामीटर ३१ अंश दाखवत असला आणि डोक्यावरचा स्लॅब ३८ अंशांवर असला, तर पंख्याखालीही जीव कासावीस होतो. हवा गार करणं सोपं आहे, पण तापलेलं काँक्रीट गार व्हायला तासन्‌तास लागतात. म्हणून मुळात ते तापू न देण्यात खरी बचत आहे.

छत: वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी

भर दुपारी डोक्यावर आलेलं ऊन प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट इतकी ऊर्जा ओतत असतं. म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर तब्बल ५० किलोवॉट. गडद किंवा काळवंडलेली गच्ची यातला बहुतेक भाग शोषून घेते. स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली उतरते. संध्याकाळी बाहेर झुळूक सुटलेली असताना घरात मात्र उकडत असतं, ते यामुळेच.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग ऊन मोठ्या प्रमाणावर परत फेकतो. कडक उन्हात गडद छत आणि पांढरं छत यांच्या पृष्ठभागाच्या तापमानात २०-२५ अंशांचा फरक सहज पडतो.

चुना लावायचा असेल तर तो असा लावा. गच्ची झाडून घ्या, शेवाळ आणि सुटलेले पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडून काढा आणि पाण्याने धुऊन वाळू द्या. भेगा असतील तर आधी बुजवा, कारण चुन्याखाली झाकलेली भेग पावसाळ्यात गळती होऊन पुढे येते. चुना आदल्या दिवशी भिजवून ठेवलेला हवा. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळू लागतो, म्हणून तयार भिजवलेला मिळाला तर उत्तम. तो गाळून त्यात थोडा डिंक किंवा पांढरा गोंद मिसळा, म्हणजे हात लावल्यावर भुकटी सुटत नाही. ऊन चढण्याआधी किंवा उतरल्यावर पृष्ठभाग किंचित ओला करून पहिला हात आडवा द्या आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. हातमोजे आणि चष्मा विसरू नका. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

चुना पावसात धुपतो, त्यामुळे तो दर उन्हाळ्यात पुन्हा लावावा लागतो. जास्त टिकणारं काही हवं असेल तर छतासाठीच बनवलेला ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग लावता येतो. तो काही वर्षं टिकतो आणि चांगल्या प्रतीचा असेल तर पाणी झिरपणंही थोडं रोखतो. त्याहून टिकाऊ काम म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. यातलं काहीही केलं तरी धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात एकदा तरी गच्ची धुऊन घ्या.

भाड्याचं घर असेल किंवा रंग लावायची परवानगी मिळत नसेल, तर बागेसाठी मिळते ती हिरवी शेडनेट उपयोगी पडते. जाळी स्लॅबवर अंथरू नका. ती दोरीने किंवा पाइपांवर निदान दोन-तीन फूट उंच ताणून बांधा, म्हणजे खालून वारा खेळतो आणि जाळीची धग स्लॅबपर्यंत पोचत नाही. सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल तर त्यांची सावलीही छताला मिळते, हा वरचा फायदा. गच्चीवरच्या काळ्या टाकीवरही सावली करा. दुपारी नळाला येणारं कढत पाणी तिथेच तापतं.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची पद्धत अनेक घरांत आहे. पाण्याची वाफ होताना स्लॅबमधली उष्णता निघून जाते, त्यामुळे उपाय खरा आहे. पण त्यात पाणी फार जातं आणि जुन्या स्लॅबमध्ये ओल झिरपते. एकदा पांढरा रंग लावा, म्हणजे रोजची ही मेहनत वाचेल.

पत्र्याच्या घराचं गणित वेगळं आहे. पत्रा पातळ असतो, त्यामुळे ऊन आलं की मिनिटांत तापतो आणि ऊन गेलं की तितक्याच लवकर निवतो. रात्री तिथे फारसा त्रास होत नाही, पण दुपार असह्य होते. बाहेरून पांढरा रंग तर लावाच, शिवाय आतून पत्र्याखाली थोडं अंतर सोडून फॉल्स सीलिंग करून घ्या. पत्रा आणि सीलिंग यांच्यामधली तापलेली हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळीदार झरोके ठेवा. झरोके नसतील तर मधली हवा कोंडून तापत राहते.

खिडक्या: ऊन काचेच्या बाहेरच अडवा

दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीवर तिरपं ऊन पडतं. साधारण दीड चौरस मीटर काचेतून सुमारे ७०० वॉट उष्णता आत येते, म्हणजे खोलीत दुपारभर इस्त्री तापत ठेवल्यासारखंच झालं. ती अडवायला बहुतेक जण आतून जाड पडदा लावतात. त्याने उजेड कमी होतो, पण उष्णतेचा बराचसा भाग तोवर आत आलेला असतो. ऊन काचेतून सहज आत येतं, मात्र पडदा तापल्यावर त्यातून निघणारी धग काचेतून तशी बाहेर पडू शकत नाही. पडद्याला आतून हात लावून पाहा, म्हणजे पटेल. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर अडवणारी वस्तू बाहेरच तापते आणि बाहेरच्याच वाऱ्याने निवते.

म्हणून बांबूची चिक, शेडनेट, कापडी छत्रं, लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं शटर, जे परवडेल ते खिडकीच्या बाहेरून लावा. बाल्कनी असेल तर चिक कठड्याच्या रेषेत सोडा, म्हणजे पूर्ण बाल्कनी सावलीत येते. वाऱ्याने चिक आपटू नये म्हणून खालची काठी दोन्हीकडे बांधून टाका. उंच मजल्यावर हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि ती सुटून पडणार नाही याची खात्री करा.

इथे दिशेचा विचार फार महत्त्वाचा आहे. खिडकीवरचा आडवा छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून येणारं ऊन खूप तिरपं असतं आणि ते छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. पूर्व-पश्चिमेला उभा आडोसाच हवा. छज्जा आणखी रुंद करण्यावर पैसे घालवण्याआधी ऊन जमिनीवर कुठवर येतं आणि किती वाजता येतं, ते एक दिवस पाहा.

बाहेरून काहीच लावता येत नसेल तर आतला पडदा निदान खिडकीच्या बाजूने पांढरा किंवा फिकट असू द्या, म्हणजे काही ऊन तो परत काचेतून बाहेर फेकतो. काचेवर लावायची परावर्तक फिल्मही बरी. मात्र ती हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊनही अडवते आणि खोलीत उजेड कमी झाला की दिवसा दिवे लागतात. मी ती फक्त पश्चिमेच्या खिडक्यांसाठी सुचवेन.

जागा असेल तर पश्चिमेला झाड लावा. झाडाची सावली भिंत आणि खिडकी दोन्ही झाकते आणि पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने भोवतालची हवाही थोडी निवते. झाड वाढायला वर्षं लागतात, तोवर जाळीवर चढवलेला वेल एका हंगामात आडोसा देऊ शकतो. घरातल्या कुंड्यांनी मन प्रसन्न होतं, पण त्यांनी खोलीचं तापमान उतरेल ही अपेक्षा ठेवू नका.

खिडक्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या

नियम एकच आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा सगळं उघडा, गरम असेल तेव्हा लावून घ्या. यासाठीच ते दोन थर्मामीटर.

कोरड्या हवेच्या प्रदेशात याचा फायदा सर्वात जास्त होतो, कारण तिथे रात्री तापमान चांगलंच उतरतं. संध्याकाळी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की खिडक्या, मधली दारं, वरचे झरोके सताड उघडा. रात्रभर गार हवा भिंतींवरून आणि फरशीवरून फिरली पाहिजे, कारण गार करायच्या आहेत त्या भिंती. सकाळी ऊन चढून बाहेरचा आकडा आतल्याला गाठू लागला की लगेच खिडक्या लावा आणि पडदे ओढा. अनेक जण इथेच उशीर करतात. दहा वाजेपर्यंत “वारा येतोय” म्हणून खिडक्या उघड्या राहतात आणि रात्री मिळवलेला गारवा तासाभरात निघून जातो.

दमट हवेत, विशेषतः समुद्रकिनारी, रात्र आणि दिवस यांत फरक कमी असतो. तिथे घर बंद करून गारवा साठवण्याचा प्रयत्न केला तर कोंदटपणाच वाढतो. तिथे सावली करा, पण खिडक्या उघड्या ठेवा आणि दिवसभर हवा खेळती राहू द्या. आतला आणि बाहेरचा आकडा जवळपास सारखाच असेल तर वारा हाच एक आधार उरतो. कोरड्या प्रदेशातला सल्ला किनाऱ्यावरच्या घरात वापरला आणि “काही उपयोग झाला नाही” म्हणून सोडून दिला, असं बरेचदा होतं. आपलं घर कोणत्या हवेत आहे ते आधी ठरवा.

वारा येण्यासाठी दोन तोंडं लागतात, एक आत येण्याचं आणि एक बाहेर जाण्याचं. शक्यतो ती समोरासमोर असावीत. एकाच बाजूला खिडकी असेल तर खोलीचं दार उघडं ठेवून समोरच्या खोलीची खिडकीही उघडा. गरम हवा वर चढते, त्यामुळे दोन मजली घरात खालची खिडकी आणि जिन्यावरची सर्वात वरची खिडकी एकाच वेळी उघडली की वारा नसतानाही हवा खालून वर वाहू लागते.

वारा पडलेला असेल तर टेबलफॅनची मदत घ्या. घराच्या गरम बाजूच्या खिडकीकडे त्याचं तोंड करा, पण तो खिडकीला चिकटवू नका. अर्धा-एक मीटर मागे ठेवला तर त्याचा झोत बाजूची हवाही ओढून बाहेर नेतो. सावलीच्या बाजूच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. आणि मच्छरदाणीच्या जाळ्या धुवा. धुळीने भरलेली जाळी वारा किती अडवते, हे धुतल्यावरच लक्षात येतं.

घरातल्या घरात तयार होणारी उष्णता

घरात वापरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जुना पिवळा बल्ब ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो, म्हणून असे बल्ब उरले असतील तर एलईडी लावा. फ्रिज दिवसाला एक-दीड युनिट खातो आणि ते सगळं मागच्या बाजूने खोलीत सोडतो. त्याच्या मागे चार बोटं तरी जागा ठेवा आणि जाळीवरची धूळ झाडा. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते.

स्वयंपाकघर मात्र नीट लक्ष देण्यासारखं आहे. गॅस जळताना उष्णता तर निघतेच, शिवाय एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. त्याने दमटपणा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. उकळायचं, शिजवायचं काम सकाळी लवकर उरका, भांड्यावर झाकण ठेवा, प्रेशर कुकर जास्त वापरा आणि एक्झॉस्ट फॅन स्वयंपाक संपल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा. स्वयंपाकघराचं दार तेवढ्या वेळापुरतं बाकीच्या घराकडून लावून घ्या. इस्त्री आणि वॉशिंग मशीनचं गरम पाण्याचं काम दुपारी नको. ओले कपडे खोलीत वाळत घातले तर कोरड्या हवेत थोडा गारवा मिळतो, दमट हवेत फक्त उकाडा वाढतो.

पंखा: हवा गार होत नाही, माणूस गार होतो

पंखा खोलीचं तापमान एका अंशानेही उतरवत नाही. तो अंगावरून हवा फिरवतो, त्यामुळे घाम लवकर वाळतो. एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता खेचली जाते, ही घामाची खरी ताकद. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. खोलीतून उठताना बटण बंद करा, मुलांनाही तीच सवय लावा.

साधा छताचा पंखा ७०-८० वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ३० वॉट. रोज १२ तास चालणारा पंखा बदलला तर दिवसाला अर्ध्या युनिटहून जास्त वीज वाचते. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही, जो सर्वात जास्त वेळ चालतो तो आधी बदला. बहुधा तो झोपायच्या खोलीतला असतो. जुना डबीसारखा, गरम होणारा रेग्युलेटर वेग कमी केल्यावर वीज उष्णतेत घालवतो, त्याजागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावा. पंखा पाचवर ठेवूनही मंद फिरत असेल तर नवा घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून कंडेन्सर तपासून घ्या, हा किरकोळ खर्चाचा भाग बरेचदा कमजोर झालेला असतो. पात्यांवरची धूळही पुसा.

वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली छताचा पंखा तिथलीच गरम हवा खाली ढकलतो. अशा खोलीत जमिनीजवळ ठेवलेला टेबलफॅन किंवा उभा पंखा जास्त सुख देतो.

पंख्याला मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की तापमान ४० अंशांच्या वर गेलं तर पंख्यावर विसंबू नये, कारण इतकी गरम हवा अंगाला निववण्याऐवजी तापवते. अशा वेळी अंग ओलं करा, ओला पंचा मानेवर ठेवा, सैल सुती कपडे ओलसर करून घाला, पाय पाण्यात बुडवून बसा आणि घरातल्या सर्वात गार, बहुधा खालच्या मजल्यावरच्या खोलीत जा. रात्री जाड फोमच्या गादीऐवजी चटईवर किंवा पातळ सुती गादीवर झोपलात तर पाठीकडून उष्णता कोंडत नाही.

कूलर घ्यायचा की नाही, हे ओल्या कापडाला विचारा

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. हवा कोरडी असेल तर तो कमाल करतो, दमट असेल तर नुसता ओलावा वाढवतो. तुमच्याकडे काय होईल ते विकत घेण्याआधीच कळू शकतं. काचेच्या थर्मामीटरच्या फुग्याभोवती ओलं सुती कापड गुंडाळा, पंख्यासमोर धरा आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत वाट पाहा. जो आकडा येईल त्याच्या खाली कूलर कधीच जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात तो त्याच्याही तीन-चार अंश वर राहतो. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा आकडा सुमारे २३ येतो, म्हणजे कूलरची हवा २६-२७ अंशांची मिळेल. उत्तमच. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तोच आकडा ३० च्या आसपास थांबतो. तिथे कूलरवर पैसे घालू नका.

कूलर बंद खोलीत चालवणं ही सर्वात सर्रास दिसणारी चूक आहे. त्याला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे, म्हणून तो खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तासाभरात खोली ओलसर होऊन चिकचिकाट होतो. सुरू करताना आधी पंप चालवून पॅड पूर्ण भिजू द्या, मग पंखा लावा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, कारण साचलेल्या पाण्यात डास आठवड्या-दीड आठवड्यात अंड्यातून बाहेर पडून उडायला लागतात. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढूनच भरा. यात हयगय नको.

एसी चालवायचा तर असा

दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना साधारण दीड किलोवॉट वीज घेतो, म्हणजे सुमारे वीस साध्या पंख्यांइतकी. म्हणून तो पूर्ण घरासाठी नको, एका खोलीसाठी असू द्या, आणि ती खोली घरातली सर्वात कमी तापणारी निवडा.

तापमान २६ किंवा २७ वर ठेवा आणि सोबत छताचा पंखा मंद चालू द्या. जागतिक आरोग्य संघटनाही २७ अंश आणि पंखा हीच जोडी सुचवते. अंगाला गारवा तेवढाच जाणवतो आणि वीज खूप वाचते. तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा ढोबळ हिशेब आहे. १८ वर ठेवून खोली लवकर गार होते हा समज मात्र सोडून द्या. साधा एसी १८ वर असो की २६ वर, सारख्याच वेगाने गार करतो, फक्त १८ वर तो थांबतच नाही.

खोली दिवसभर बंद राहून तापलेली असेल आणि बाहेर त्यापेक्षा गार असेल, तर एसी लावण्याआधी दहा मिनिटं खिडक्या उघडून पंख्याने ती हवा बाहेर काढा. मग खिडक्या लावा, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी किंवा गुंडाळलेला टॉवेल लावा आणि बाथरूमचं दार बंद करून तिथला एक्झॉस्ट फॅनही बंद करा. संध्याकाळी अंधारात खोलीत दिवा लावून बाहेरून पाहिलं की उजेड जिथून निसटतो, त्याच फटीतून थंड हवाही निसटते.

फिल्टर दर दोन आठवड्यांनी काढून धुवा. तुंबलेला फिल्टर असेल तर वीज ५ ते १५ टक्के जास्त लागू शकते आणि कुबट वास येतो तो वेगळाच. बाहेरच्या युनिटवर सावली चालेल, पण त्याच्यासमोर भिंत, कपडे किंवा जाळ्यांचा ढीग नको. त्याची गरम हवा मोकळी सुटली पाहिजे, नाहीतर तीच हवा पुन्हा ओढून तो जास्त वीज खातो.

१९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जे यंत्र रचलं, ते कागद ओलाव्याने आकसू-फुगू नये म्हणून. हवेतला ओलावा काढणं हे एसीचं मूळ काम, आणि उकाड्याच्या दमट दिवसांत तेच आपल्याला हवं असतं. अशा दिवशी ड्राय मोड लावून पाहा, अनेकदा तेवढं पुरतं. गरजेपेक्षा मोठ्या टनाचा एसी मात्र नको. तो चटकन हवा गार करून थांबतो, ओलावा तसाच राहतो आणि खोली गार असूनही चिकट वाटते. रात्री स्लीप मोड लावा किंवा टायमरने पहाटे तीन-चारच्या सुमारास बंद होऊ द्या, त्यानंतर पंखा पुरतो.

इथे वीज वाचवू नका

तान्ही बाळं, वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया, हृदयाचे, मूत्रपिंडाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांच्या बाबतीत काटकसर बाजूला ठेवा. वाढत्या वयात तहान आणि उकाडा दोन्ही कमी जाणवतात, त्यामुळे “मला काही गरम होत नाही” या शब्दावर विसंबू नका. त्यांच्या खोलीत थर्मामीटर टांगा आणि तुम्ही स्वतः तो पाहा. घरात कूलर किंवा एसी एकच असेल तर तो त्यांच्या खोलीत चालवा. एकटे राहणारे शेजारी असतील तर दुपारी एकदा आणि रात्री एकदा डोकावून या.

कुणी बरळू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग तापून लालबुंद झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो आणि त्यात मिनिटं मोलाची असतात. लगेच रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत सावलीत आणा, जादा कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाला तोंडाने पाणी पाजू नका, कुशीवर झोपवा आणि मदत येईपर्यंत अंग ओलं करणं थांबवू नका.